कवच नसलेलं अंडं

आंबोलीजवळच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, एक डबकं आहे. डबकं म्हणणंही जास्तच होईल. जांभ्याच्या कातळात पडलेला एक खळगा, पोळ्यांच्या परातीएवढा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्यात बोट बुडवून पाहिलं, तर पाणी दुसऱ्या पेराच्या वर चढलं नाही. तळाशी तांबूस गाळ होता आणि गाळावर तिळासारखे काळे ठिपके. बोट आत गेलं तसे ते ठिपके शेपट्या हलवत बाजूला सरले.

मे संपता संपता दोन चांगले पाऊस झाले होते. त्या भरवशावर कुणीतरी इथे अंडी घालून गेलं होतं. मग मृग लागला आणि कोरडाच चालला. चार दिवस थेंब नाही. ज्या आंबोलीत वर्षाला सात-साडेसात हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, त्या आंबोलीत ऊन पडलं होतं आणि कातळ पायाला चटका देत होता. आजूबाजूचे दोन खळगे आटूनही गेले होते. माझ्या पिशवीत लिटरभर पाण्याची बाटली होती. हात तिच्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

ते पाणी ओतावं की नाही, या प्रश्नाने मला पुढचे कित्येक महिने सोडलं नाही. बेडकांबद्दल जे काही वाचलं, पाहिलं, ते त्या परातीएवढ्या पाण्याभोवतीच फिरत राहिलं.

आमच्या आजीकडे कोंबड्या असायच्या. एखादी खुडूक झाली की आजी तिच्याखाली अंडी ठेवायची आणि आठवड्याभराने रात्री कंदिलासमोर एकेक अंडं धरून बघायची. लालसर उजेडात आत शिरांचं जाळं दिसायचं, मधे एक काळा ठिपका थरथरायचा. तेव्हा मला त्यात फक्त पिल्लू दिसायचं. आता वाटतं, खरी नवलाई भोवतीच्या पाण्याची होती. कोंबडीचं अंडं म्हणजे कवचात बंद केलेलं एक तळं आहे. सरडा, साप, पाल यांनीही हीच युक्ती केली आणि पाण्यापासून मोकळे झाले. रानात, माळावर, भिंतीच्या फटीत, कुठेही अंडं ठेवा. पिल्लाचं तळं पिल्लाबरोबर.

बेडकाने ही युक्ती केली नाही. त्याच्या अंड्याला कवच नाही. एक काळा मणी आणि भोवती पाणी पिऊन फुगणारा पारदर्शक गर, एवढंच. ऊन लागलं की संपलं.

शाळेत आम्हाला शिकवलं होतं, ‘जे पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे राहू शकतात ते उभयचर.’ ऐकायला ही चैन वाटते, जणू दोन घरं आहेत, हवं तिथे राहावं. प्रत्यक्षात बहुतेकांना एका घरात जन्मायचं, तिथे वेळेत वाढायचं आणि ते घर आटायच्या आत दुसऱ्या घरात पोचायचं असतं. त्यासाठी अंगातलं जवळजवळ सगळं बदलावं लागतं. शेवाळ खरवडून खाणाऱ्या बेडूकमाश्याचं आतडं लांबलचक, घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं; किडे खाणाऱ्या बेडकाला ते आखूड लागतं, म्हणून ते आखडतं. कल्ले जातात, फुप्फुसं येतात. शेपूट गळून पडत नाही, ती शरीरातच विरघळते आणि तिचं बाकी शरीरासाठी इंधन होतं. हे सगळं गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या इशाऱ्यावर चालतं. ते चालू असताना काही दिवस तर तोंडच नीट तयार नसतं, खाणं बंद. पाय फुटलेला, शेपूट अर्धी उरलेली, धड पोहता येत नाही आणि धड उडी मारता येत नाही अशा अवस्थेतला बेडूक मी पहिल्यांदा ओंजळीत घेतला तेव्हा त्याचं पोट माझ्या तळव्यावर धडधडत होतं.

आणि कातडी. बेडूक पाणी तोंडाने पीत नाही. ओल्या मातीवर नुसता टेकून बसतो आणि पोटाच्या, मांड्यांच्या कातडीतून पाणी आत घेतो. श्वासही बऱ्याच अंशी कातडीतूनच घेतो, म्हणून ती सतत ओलसर राहावी लागते. खवले नाहीत, केस नाहीत, पिसं नाहीत. बाहेरचं जग आणि आतलं रक्त यांच्यामध्ये इतका पातळ पडदा असलेले, पाठीचा कणा असणारे जीव विरळाच. हे मला डबक्यात बोट बुडवण्याआधीही माहीत होतं. त्या बोटाला मी सकाळीच डास पळवायचं मलम चोळलं होतं, हे मात्र बोट बाहेर काढल्यावर आठवलं. त्याची टोचणी अजून आहे.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक अख्खं सूक्त आहे. वर्षभर गप्प पडून राहिलेले, मौनव्रत धरलेल्या ब्राह्मणांसारखे बेडूक पाऊस येताच एकदम बोलू लागतात, असं त्यात म्हटलंय. त्यातली एक उपमा मला फार आवडते. आटलेल्या तळ्यात पडून राहिलेला बेडूक सुकलेल्या चामड्याच्या पखालीसारखा दिसतो आणि मग त्याच्यावर आकाशातलं पाणी येतं. हे लिहिणाऱ्याने चिखलातला बेडूक खरोखर हातात घेऊन पाहिला असणार. आमचे सोनेरी डोळ्यांचे, मातीत उलट्या पायांनी खोल शिरणारे बिळकरी बेडूक आठ-आठ महिने असेच पडून असतात. मागच्या पायाच्या टाचेशी त्यांना फावड्यासारखा एक कडक उंचवटा असतो, त्याने माती मागे लोटत ते उभेच्या उभे खाली जातात.

पहिल्या पावसाची खबर आजीला आभाळ बघून कळायचीच, पण तिचा खरा विश्वास बेडकांवर. रात्री शेताकडून ‘डरांव’ सुरू झालं की ती अंथरुणातूनच म्हणायची, “पावस इलो गो!” दुसऱ्या दिवशी आम्ही पोरं बांधावर जाऊन बघायचो. हिरवट-तपकिरी, वर्षभर नजरेत न भरणारे ते मोठे बेडूक रातोरात लिंबासारखे पिवळे झालेले असायचे. ते फक्त नर. गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळेजांभळे फुगे, ओरडताना फुगणारे. चार दिवस हा थाट आणि मग पुन्हा मातीचा रंग. त्या चार दिवसांत मादी आवाजावरून नर निवडते. प्रत्येक जातीचा आवाज वेगळा, त्यामुळे एकाच खाचरात पाच जाती एकाच वेळी ओरडत असल्या तरी जिला जो ऐकायचा तोच ऐकू येतो.

याच चार दिवसांत त्यांना पकडणंही सगळ्यात सोपं. भारतातून एके काळी बेडकांच्या तंगड्यांची मोठी निर्यात व्हायची, जहाजं भरून. मुंबईचे निसर्गअभ्यासक हुमायून अब्दुलाली यांनी तिच्याविरुद्ध लिहिलं, आणि 1987 साली ती बंद झाली. गोव्यात ‘जंपिंग चिकन’ या नावाने मात्र चोरून ताटात येणं अजून थांबलेलं नाही. बॅटरीच्या झोतात अंडी घालायला निघालेली मादी पकडली की एका पिशवीत किती बेडूक गेले, याचा हिशोब नुसते मोजून लागत नाही.

पण मला सांगायचंय ते अंड्याचं. कवच नाही, ही एकच अडचण सगळ्यांपुढे आहे आणि सह्याद्रीतल्या जवळजवळ प्रत्येक जातीने तिच्यावर आपापला तोडगा काढलाय.

साधा भेक (टोड), आपल्या अंगणात दिव्याखाली किडे टिपणारा, संख्येवर भिस्त ठेवतो. पाण्यात लांब लांब गराच्या दोऱ्या सोडतो, दोरीत काळे मणी ओवलेले, हजारोंनी. त्यातले दोन-चार जगले तरी पुष्कळ.

मलबारी उडता बेडूक आपल्या अंड्यांसाठी फेस तयार करतो. हे मी एकदा अगदी जवळून पाहिलं. आंबोलीत एका घरामागे पाण्याची सिमेंटची टाकी होती, तिच्यावर झुकलेल्या फांदीवर. रात्रीचे साडेदहा झाले असतील. हिरवीगार मादी, बोटांमधला पडदा तांबडा-केशरी, पाठीवर तिच्याहून बराच लहान नर. मादीच्या अंगातून चिकट द्रव येत होता आणि ती मागचे दोन्ही पाय आळीपाळीने, न थांबता, त्या द्रवात फिरवत होती. रवीने ताक घुसळल्यावर वर येतो तसा पांढरा फेस वाढत गेला. आधी लिंबाएवढा, मग मोसंबीएवढा. त्या फेसात अंडी जात होती. मधेच ती थांबायची, पाय ताणायची, पुन्हा घुसळायची. माझे पाय अवघडले, छत्रीतून पाणी गळायला लागलं, तरी तिचं काम संपलं नव्हतं. सकाळी गेले तेव्हा दोघं नव्हती. फेस बाहेरून कागदासारखा कडक झाला होता आणि पानं त्याला चिकटून आत दुमडली होती. आत ओल तशीच राहते. काही दिवसांनी जोराचा पाऊस लागला की फेस विरघळतो आणि बेडूकमासे एकेक करून खालच्या पाण्यात टपकतात. म्हणजे पाण्यातले मासे, शिकारी किडे यांच्यापासून अंड्यांचे दिवस तरी निभावले. जागा मात्र नेमकी पाण्याच्या वर हवी. हातभर बाजूला चुकली की पिल्लं जमिनीवर पडतात.

झुडुपी बेडूक तर बेडूकमासा हा टप्पाच गाळतात. अंगठ्याच्या पेराएवढे हे बेडूक पावसाळ्यात कारवीत बसून रात्रभर टक् टक् करत असतात. त्यांची अंडी ओल्या मातीत, पालापाचोळ्यात असतात. मोजकी आणि आकाराने त्या मानाने मोठी. पिल्लू सगळे बदल अंड्यातच उरकतं आणि बाहेर येतं ते चार पायांचं, पुरतं बेडूक होऊन. त्याला तळंच नको.

रातबेडूक ओढ्यावर झुकलेल्या पानांवर अंडी चिकटवतात. साताऱ्यात कोयनेजवळ हुंबर्ली नावाचं गाव आहे. तिथल्या ओढ्यावर संशोधकांनी रात्र-रात्र बसून या बेडकांचं मीलन चित्रित केलं आणि 2016 साली ते प्रसिद्ध झालं. बहुतेक बेडकांत नर मादीला घट्ट मिठी मारतो. हा नर मादीच्या वर नुसता कमान करून उभा राहतो, हात तिच्या बाजूच्या पानावर टेकलेले. आपलं बीज तिच्या पाठीवर सोडून तो दूर होतो. अंडी नंतर येतात आणि पाठीवरून ओघळणाऱ्या त्या बीजाने फळतात. अंडी घालताना दोघांचा स्पर्शही नसतो. बेडकांच्या मीलनाच्या सहा तऱ्हा तोवर माहीत होत्या, ही सातवी. याच जातीत मादीही साद घालते, जे बेडकांत फार क्वचित आढळतं. या बेडकाच्या शास्त्रीय नावात हुमायून अब्दुलालींचंच नाव आहे.

आंबोलीच्या कातळांवर आणखी एक आहे, चिरावासी. पुण्याच्या संशोधकांनी 2014 साली त्याला हे नाव दिलं. जांभ्याच्या कपारी हेच त्याचं घर. त्याच्या कुळातले बेडूकमासे डबक्यात नसतातच, ते पाणी झिरपणाऱ्या खडकाच्या उभ्या भिंतीला चिकटून असतात. लांब शेपूट, लवकर फुटलेले मागचे पाय, आणि कातळावरचं शेवाळ खरवडणारं तोंड. बोट जवळ नेलं की ते त्या भिंतीवरूनच टणाटण उड्या मारतात. तळ्याऐवजी नुसता ओला पापुद्रा पुरतो, हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

आणि देवगांडूळ. त्याची आठवण मला सुखाची नाही. मी नऊ-दहा वर्षांची असेन. माडाच्या आळ्यात शेणखत घालायला गडी माती उकरत होता. कुदळीच्या तिसऱ्या-चौथ्या घावाला त्याने ‘साप, साप’ म्हणून उडी मारली. मातीत करंगळीएवढं जाड, जांभळट, ओलसर चकाकणारं काहीतरी वळवळत होतं. अंगावर कडी कडी, डोळे दिसत नव्हते. आम्ही सगळ्यांनीच आरडाओरडा केला, मीही केला. त्याने कुदळ उलटी करून ते ठेचलं. त्याच्या वेटोळ्यात पांढऱ्या मण्यांचा छोटा घोस होता, तो पण मातीत मिसळून गेला.

तो साप नव्हता आणि गांडूळही नव्हतं. तो बेडकाचा भाऊबंद, बिनपायांचा उभयचर. त्याचे डोळे कातडीखाली झाकलेले असतात. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक बारीक स्पर्शिका असते, तिने तो मातीतला वास आणि चव घेतो. कवटी टणक, माती रेटायला. माणसाला तो काही करत नाही. किडे, वाळवी, गांडुळं खातो. जगात उभयचरांचे तीनच गण आहेत: बेडूक, सॅलमँडर आणि हा. सॅलमँडर बघायचा तर दार्जिलिंगकडे जावं लागतं, पण देवगांडुळं आपल्या परसात आहेत. खंडाळ्याहून 1960 साली एक जात नोंदली गेली. 2003 साली आंबोलीची एक आणि कोकणातल्या दोर्ले गावाची एक. त्यांच्यातल्या कित्येक जातींत आई अंड्यांभोवती वेटोळं घालून जमिनीखाली बसते, आपल्या अंगाच्या ओलीने त्यांना जपत. आफ्रिकेतल्या एका जातीची पिल्लं आईच्या अंगावरची पौष्टिक झालेली कातडी सोलून खातात, हे 2006 साली कळलं. ब्राझीलमधल्या एका जातीची आई तर अंड्यातून निघालेल्या पिल्लांना दुधासारखा स्निग्ध द्रव पाजते, हे 2024 साली.

तो पांढऱ्या मण्यांचा घोस काय होता, हे मला बावीस वर्षांनी समजलं. आई पळाली का नाही, हेही तेव्हाच समजलं.

आता पुन्हा सड्यावर येते. परातीएवढ्या डबक्यात अंडी घालणारा तो आंबोलीचा भेक. दोन बोटांत मावेल एवढा, कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे, म्हणून नावातही वाघ आहे. 2009 साली त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं. त्याचा एकच सख्खा भाऊ जगात आहे, कोयनेचा भेक, ज्याचं वर्णन 1963 साली कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या परिसरातून झालं. संपूर्ण प्रजातीत दोघेच, आणि दोघेही सह्याद्रीतच. आंबोलीचा भेक अतिसंकटग्रस्त यादीत आहे. तो साध्या भेकासारखा हजारो अंडी घालत नाही, थोडीच घालतो. शिवाय घालतो ती अशा पाण्यात, जिथे मासा शिरू शकत नाही आणि मोठा शिकारी किडाही टिकत नाही. खळगा उथळ आहे म्हणूनच सुरक्षित, आणि उथळ आहे म्हणूनच धोक्याचा. त्याचा सगळा जुगार पावसावर.

हा सडा सातबाऱ्यावर बघा. ‘पोटखराबा’ लिहिलेलं असतं, म्हणजे लागवडीला नालायक. त्यामुळे तो सपाट करताना कुणाचंच मन थांबत नाही. आमच्या गावाच्या वरचा सडा तीन वर्षांपूर्वी जेसीबीने खरवडून घेतला, प्लॉट पाडले, कुंपणं घातली. खळगे मुरुमाने भरले. मी विचारलं तेव्हा तिथले गृहस्थ सौजन्याने म्हणाले, “ताई, इथे होतंच काय? नुसता कातळ.” मला नीट उत्तर देता आलं नाही. वर्षातले आठ महिने तिथे खरोखरच काही दिसत नाही.

जगभराचे आकडे मनाला फार लागतात. 2023 साली उभयचरांच्या 8,011 जातींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दर पाचातल्या दोन जाती धोक्यात आढळल्या. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या दुसऱ्या कुठल्याच वर्गाची स्थिती इतकी वाईट नाही. कायट्रिड नावाची एक बुरशी बेडकाच्या कातडीतच वाढते. ज्या कातडीतून तो क्षार आणि पाणी सांभाळतो तीच निकामी होते, आणि शेवटी हृदय बंद पडतं. निदान 501 जाती तिच्यामुळे घटल्या, त्यातल्या 90 कायमच्या गेल्या असाव्यात, असं 2019 साली मांडलं गेलं. सह्याद्रीतही ती बुरशी आढळली आहे, पण इथे तशी साथ पसरलेली नाही, हे आपलं नशीब. मात्र त्याच 2023 च्या आढाव्यात 2004 नंतरच्या घसरणीचं सगळ्यात मोठं कारण म्हणून बदलतं हवामान आलं आहे. हे वाचताना मला आकडा दिसला नाही, कोरडा मृग दिसला. मेअखेरीला पडून मग दडी मारणारा पाऊस म्हणजे या भेकासाठी काय, ते मी बोटाच्या पेरांनी मोजलं होतं.

बाटलीतलं पाणी मी ओतलं नाही. ते नळाचं होतं, क्लोरिनचं, आणि जे जीव सगळ्या अंगाने पाणी पितात त्यांच्या अंगावर ते कसं ओतायचं? माझ्या बोटाने आधीच काय केलं होतं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी गेले तर पाणी पहिल्या पेरावर आलं होतं आणि ठिपके मधोमध, सगळ्यात खोल जागी, एकमेकांना चिकटून गोळा झाले होते. तिसऱ्या दिवशी मला निघावं लागलं. घाट उतरताना मागे आभाळ भरून आलेलं दिसलं. पण ते सड्यावर पडलं की पुढे गेलं, ते गाडीतून कळणार नव्हतं.

ऑगस्टमध्ये पुन्हा गेले. सडा ओळखू येत नव्हता. गेंदाची पांढरी बोंडं, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी पसरण, पायाखाली सगळीकडे झुळझुळ. धुक्यात खळगा सापडायला वेळ लागला. तो काठोकाठ भरून वाहत होता. आत एकही ठिपका नव्हता. मी गुडघ्यांवर बसले, या वेळी हातांना काही न लावता, आणि काठाच्या गवताच्या बुडाशी बराच वेळ बघत राहिले. आधी वाटलं, मातीचा कण हलतोय. मग त्या कणाला पाय दिसले. ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा, काळपट, शेपटीची जरा खूण अजून शिल्लक. तो उडी मारत नव्हता, चालत होता. एक पाय, थांबणं, दुसरा पाय. गेंदाचं एक पडलेलं बोंड आडवं आलं, त्यावर तो चढला, पलीकडे घसरला आणि कातळाच्या चिरेत शिरला.